अपडेट मारलं आणि लेन्स रुसली: सर्वपित्रीच्या रात्रीचं एक जुनं दुखणं

दर वर्षी पितृपक्ष संपता संपता माझा फोन वाजायला लागतो. पंधरवडाभर लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. वडोदऱ्यातले आम्ही सगळे फोटोवाले घरी बसून बॅगा आवरतो, बुरशी आली का ते टॉर्च मारून बघतो, कार्डं रिकामी करतो. हात मोकळे असले की मेन्यूत शिरायची खोड लागते. मोबाइलमधल्या ॲपवर ‘नवं फर्मवेअर (म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर) आलं आहे’ असा ठिपका दिसत असतो आणि सर्वपित्रीच्या रात्री कोणीतरी तो दाबतोच. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. संध्याकाळी गरब्याच्या मैदानावरून त्याचा फोन: “दादा, लेन्स मेली.”

लेन्स बहुधा जिवंत असते. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण एका सर्वपित्रीला तो ठिपका मी स्वतः दाबला होता.

वडे-खीर अंगावर आली होती, झोप येत नव्हती. बॅटरी पूर्ण भरलेली, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं, सगळं नियमाने केलं. पट्टी शेवटपर्यंत गेली, कॅमेरा बंद होऊन चालू झाला, नवा आकडा दिसला. मी समाधानाने झोपलो. लेन्स लावून एक फोटोसुद्धा काढून बघितला नाही.

पहिल्या माळेला मैदानावर पोचलो आणि दुसऱ्या कंपनीची माझी ७०-२०० मिलिमीटरची लेन्स चढवली. आमच्याकडे गायक मंचावर प्रत्यक्ष गातात आणि चाल हळूहळू चढत जाते, त्यामुळे सुरुवातीला फोकसला फारसे कष्ट नसतात. लय वाढली तसं बिनसलं. चेहऱ्यावर चौकोन हिरवा, तो माणसाबरोबर फिरतोही आहे, आणि फोटो मोठा करून बघावा तर खरी धार मागच्या पोराच्या केडियाच्या, म्हणजे गरब्याच्या आखूड अंगरख्याच्या, भरतकामावर. चाळीस-पन्नास फोटो असे गेले. मग मी लेन्स बदलून २४-७० लावली, तर पडद्यावर ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं त्याच्या आकड्याच्या, जागी दोन आडव्या रेघा. आता मात्र हातपाय गार पडले. तिथेच, मांडवाच्या बांबूला टेकून, मेन्यूत जाऊन ‘सगळं रीसेट’ दाबलं. रेघा गेल्या नाहीत. उलट रात्री उशिरा आयोजकांचा माणूस मोबाइलवर व्हिडिओ बघत म्हणाला, “भाई, विडियोमां आ पट्टा केम आवे छे?”

एका रात्रीत तीन तक्रारी: फोकस मागे, ॲपर्चर गायब, व्हिडिओत पट्टे. माझ्या डोक्यात आरोपी एकच, कालचं अपडेट. पुढचे दोन दिवस गेले ते हे कळायला की तिन्ही तक्रारींची तीन वेगळी कारणं होती आणि अपडेटचा थेट हात त्यातल्या एकीतच होता.

पट्ट्यांचं आधी सांगतो, कारण ते माझंच पाप. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. व्हिडिओ २५ किंवा ५० फ्रेमला आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला असेल, तर ही लुकलुक प्रत्येक फ्रेममध्ये सारखीच मुरते, डोळ्याला दिसत नाही. मी वर्षानुवर्षं तसंच लावून ठेवलं होतं आणि लावलं आहे हे विसरून गेलो होतो. रीसेट मारल्यावर बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, ६० फ्रेमवर गेली, शटर १/१२५, आणि काळे पट्टे पडद्यावरून सरकायला लागले. फर्मवेअर बिचारं यात कुठेच नव्हतं. मैदानावरचे स्वस्त एलईडी याहून वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तिथे १/१०० नेसुद्धा पूर्ण भागत नाही; मग शटर एकेक पायरी हलवून, पडद्यावर बघत, पट्टे कमीत कमी कुठे दिसतात ते शोधावं लागतं. पण ५० चे ६० झाले का, हे आधी बघा. अपडेटनंतर ‘व्हिडिओ खराब झाला’ म्हणून येणाऱ्या माणसाला माझा पहिला प्रश्न हाच असतो, आणि दुसरा: “रीसेट मारलंस ना?” समोरून जरा वेळ काहीच आवाज येत नाही.

दोन रेघांचं कारण तर सांगायलाही लाज वाटते. मैदानावर हजारो पाय अनवाणी फिरत असतात, हवेत बारीक धूळ तरंगते, ऑक्टोबरचा घाम असतो, आणि त्यात मी उघड्यावर लेन्स बदलली. लेन्सच्या मागे सोनेरी ठिपक्यांची रांग असते, कॅमेऱ्याच्या तोंडात तशाच स्प्रिंगवाल्या पिना. लेन्स जिथे बसते त्या तोंडाला माउंट म्हणतात; कॅननच्या जुन्या ईएफ माउंटला ८ पिना, नव्या आरएफला १२, सोनी ई-माउंटला १०, निकॉन झेडला ११. यातल्या एकीवरही घामट धूळ बसली की लेन्स आणि बॉडीचं बोलणं तुटतं. काही कॅमेरे रेघा दाखवतात. कॅननवर ‘एरर ०१’ येतो आणि पडद्यावर ‘लेन्सचे कॉन्टॅक्ट पुसा’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी माणसं ते न वाचता फर्मवेअरला शिव्या घालतात. मी घरी येऊन कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली, लेन्स काढून धुतलेल्या मायक्रोफायबरच्या कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेतला आणि ठिपक्यांवरून अलगद फिरवला. कापडावर मेंदीच्या रंगाची रेघ उमटली. दोन मिनिटं वाळू दिलं. ॲपर्चर परत आलं.

आमच्या बाजारात काही दुरुस्तीवाले हेच काम खोडरबराने करतात. करू नका. ठिपक्यांवरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो, रबर तो खरवडतं, आणि त्याचा चुरा माउंटमध्ये पडतो तो वेगळाच. कॅमेऱ्याच्या तोंडातल्या पिनांना तर मी कापडसुद्धा जपून लावतो, एक वाकली की खेळ संपला.

राहिला फोकस. तो मात्र अपडेटचाच.

बॉडी चालू केली की ती आधी लेन्सला विचारते: तू कोण, किती मिलिमीटरची, ॲपर्चर कुठून कुठे, मोटर कसली. लेन्स उत्तर देते. मग फोकस करताना हे बोलणं सेकंदाला कितीतरी वेळा होतं: इतकी पुढे जा, गेलीस का, आता कुठे आहेस. कंपनीच्या स्वतःच्या लेन्सला ही भाषा जन्मतः येते. परवाना घेऊन लेन्स करणाऱ्यांना ती लिहून मिळते. सोनीने ई-माउंटची मूळ माहिती इतरांना २०११ पासून दिली, कॅननच्या आरएफ माउंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या परवान्याच्या लेन्स यायला २०२४ उजाडलं. बाकीचे कान देऊन शिकतात. बॉडी आणि अस्सल लेन्स काय बोलतात ते ऐकायचं आणि तसंच बोलणारी लेन्स बनवायची.

दांडिया बाजारातले कापडवाले काका असेच मराठी शिकलेले. काठ, पदर, भाव, घासाघीस, सगळं अस्खलित. पण एखाद्या आजींनी ‘ओटीचा खण द्या, वाणाला काय आहे’ असं सुरू केलं की ते आतल्या पोराला हाक मारतात. कानाने शिकलेल्या लेन्सचं तसंच आहे. रोजचं बोलणं चालतं. अपडेटने बॉडीच्या तोंडी एखादा नवा शब्द आला, चेहरा ओळखण्याची नवी पद्धत किंवा लेन्स आणि बॉडीचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणं) मिळून चालवण्याची नवी रीत, की लेन्स गप्प बसते किंवा काहीतरी ठोकून देते.

यातून एक गमतीची अडचण निघते. अशा काही लेन्स बॉडीला आपलं खरं नाव सांगतच नाहीत, मूळ कंपनीच्या एखाद्या जुन्या लेन्सची ओळख सांगतात. बॉडी त्या ओळखीवर भरवसा ठेवून कडांचा अंधार आणि वक्रता दुरुस्त करायला जाते, आणि दुरुस्ती भलत्याच काचेची असल्यामुळे फोटोत गोल कडी उमटतात. कॅननच्या बॉडीवर, या दुरुस्तीला साथ न देणाऱ्या ईएफ लेन्ससाठी, सिग्माने स्वतःच सांगून ठेवलं आहे की लेन्स ॲबरेशन करेक्शन बंद ठेवा. अपडेट किंवा रीसेटनंतर हे करेक्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव काय पडतंय ते एकदा उघडून बघा, बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आता मी शोध कसा घेतो ते. नियम एवढाच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रात्री मैदानावर मी लेन्स बदलली, मोड बदलला, रीसेट मारला, सगळं पाच मिनिटांत, आणि मग काय कशाने झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

आधी आकडे लिहून घ्या. बॉडीचा, लेन्सचा, आणि एका माउंटची लेन्स दुसऱ्यावर बसवणारा अडॅप्टर असेल तर त्याचा. निकॉन झेडमध्ये सेटअप मेन्यूतल्या फर्मवेअर व्हर्जनमध्ये लेन्स चढवलेली असली की तिचाही आकडा दिसतो. फुजीवर डिस्प-बॅक बटण दाबून धरून कॅमेरा चालू केला की दोन्ही आकडे समोर येतात. मग कॉन्टॅक्ट पुसा, बॅटरी काढून पाच मिनिटं थांबा. यानेच भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही भागलं तर बॉडीवर तिच्याच कंपनीची कुठलीही लेन्स लावा, किटची स्वस्तातली चालेल. ती नीट चालली तर बॉडी शाबूत आहे, भांडण परक्या लेन्सशी आहे. तीही अडखळली तर दोष बॉडीत किंवा सेटिंगमध्ये, आणि आता सेटिंग कार्डावर साठवून मगच रीसेट करायचं. शक्य असेल तर रुसलेली लेन्स दुसऱ्याच्या, अपडेट न केलेल्या बॉडीवर लावून बघा. मी रावपुऱ्यातल्या एका मित्राकडे गेलो; त्याची बॉडी माझ्याच मॉडेलची, फर्मवेअर जुनं. माझी ७०-२०० त्याच्या बॉडीवर लावली, त्याला गल्लीतून माझ्याकडे पळत यायला सांगितलं, आणि वीसपैकी वीस फोटो धारदार. तीच लेन्स माझ्या बॉडीवर, तोच मित्र, तीच गल्ली, आता जरा धापा टाकत: निम्म्याहून जास्त मऊ. निकाल लागला. त्याने त्या धावण्याच्या बदल्यात सेव-उसळ वसूल केली, तर्री जास्त घालून.

फोकस बघायला धावणारा माणूस लागतो, ॲपर्चर बघायला भिंत पुरते. उन्हातली एक सपाट भिंत घ्या, सगळं मॅन्युअल ठेवा, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) एकच. ॲपर्चर एफ २.८ ला शटर १/१०००, एफ ५.६ ला १/२५०, एफ ११ ला १/६०; एफचा आकडा वाढला की भोक लहान होतं. पहिल्या फोटोचा उजेड बेताचा आला पाहिजे एवढं बघून आयएसओ ठरवा. तिन्ही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. शेवटचा पांढराफटक आला तर पडद्यावर एफ ११ लिहिलेलं असलं तरी लेन्सची पाती मिटलेलीच नाहीत. अडॅप्टरवर चढवलेल्या जुन्या लेन्समध्ये हे मी दोनदा पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा मालकाला वाटत होतं की कॅमेऱ्याचं मीटर बिघडलं.

स्टॅबिलायझेशनचा घोळ याहून छुपा. बॉडीतला सेन्सर किती हलवायचा हे लेन्स किती मिलिमीटरची त्यावर ठरतं. लेन्सने किंवा अडॅप्टरने चुकीचा आकडा सांगितला की सेन्सर चुकीचा हलतो आणि सावकाश शटरला फोटो न-स्टॅबिलायझेशनपेक्षाही वाईट येतो. दृश्य व्ह्यूफाइंडरमध्ये थरथरतं किंवा एकदम उडी मारतं. स्टॅबिलायझेशन बंद करून तोच फोटो काढा. सुधारला तर कारण सापडलं. बऱ्याच बॉड्यांमध्ये मिलिमीटर हाताने भरायची सोय असते, पण ती न बोलणाऱ्या लेन्ससाठी. बोलून खोटं सांगणारीपुढे ती सहसा कामाची नाही.

तर, माझ्या ७०-२०० चा उपाय लेन्सवाल्या कंपनीच्या साइटवर दोन आठवडे आधीपासून पडून होता. ‘अमुक बॉडीच्या अमुक फर्मवेअरवर सलग फोकसमध्ये अडचण आढळली, लेन्सचं अपडेट करा,’ इतकं साधं. मी बॉडीच्या कंपनीची पानं वाचली होती, लेन्सवाल्यांची नाही. आता उलटं करतो. बॉडीचं अपडेट दिसलं की आधी माझ्या प्रत्येक परक्या लेन्सच्या निर्मात्याची सूचना शोधतो.

लेन्सचं अपडेट कसं करायचं हे लेन्सच्या वयावर आहे. सिग्माच्या डीएसएलआर काळातल्या आर्ट, स्पोर्ट्स, कंटेम्पररी लेन्सना संगणकाला जोडणारा यूएसबी डॉक लागतो, टॅमरॉनच्या त्या काळच्या लेन्सना तसाच टॅप-इन कन्सोल. दोन्ही माउंटप्रमाणे वेगळे असतात, निकॉनवाल्याचा कॅननवाल्याला चालत नाही, तेव्हा मागून आणताना विचारून आणा. टॅमरॉनच्या नव्या बऱ्याच लेन्सना आणि विल्ट्रॉक्ससारख्यांना लेन्सवरच यूएसबीचं भोक असतं, थेट केबल लावायची. इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः अर्धा तास बसलो होतो: मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबली फक्त वीज नेतात, माहिती नेत नाहीत. संगणकाला लेन्स दिसतच नाही आणि माणूस समजतो लेन्सचं बोर्ड गेलं. ज्या केबलने फोटो कॉपी होतात तीच वापरा, आणि मधे हब नको.

बॉडीच्या अपडेटच्या वेळचे घोळ बहुतेक फाइलचे. फाइल कार्डाच्या अगदी वरच्या पातळीवर टाकायची, फोल्डरात नाही. फुजीच्या फाइलचं नाव बदलून चालत नाही. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसातला १ चिकटवतो, आणि कॅमेरा म्हणतो फाइल नाहीच. कॅननच्या फाइलचं एक्स्टेंशन एफआयआर आहे, माझ्या भाच्याने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, “मामा, कोणावर केलीस?” सोनीच्या जुन्या बॉड्यांना संगणकाला केबल लावून अपडेट करावं लागतं, नव्या काही कार्डावरून घेतात. केबलचा मार्ग असेल तर लॅपटॉप चार्ज केलेला हवा, भर अपडेटमध्ये वीज गेली तर अर्धवट भरलेली बॉडी चालूही होत नाही आणि मग सर्व्हिस सेंटरला पर्याय उरत नाही.

अपडेटआधी सेटिंग कार्डावर साठवा, पण तेवढ्यावर विसंबू नका, जुन्या व्हर्जनची साठवलेली फाइल नवं व्हर्जन नाकारूही शकतं. मी मेन्यूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढतो. पाच मिनिटांचं काम आहे, बायको म्हणते, कॅमेऱ्याचा फोटो काढणारा फोटोवाला पहिल्यांदाच बघितला.

भाचा विचारतो, मग कंपन्या मुद्दाम करतात का हे? कट्ट्यावरचं सगळ्यांचं लाडकं मत हेच. कधी कधी खरंही असतं: २००९ मध्ये पॅनासॉनिकने अपडेट देऊन इतर कंपन्यांच्या बॅटऱ्या चालेनाशा केल्या आणि सुरक्षिततेचं कारण उघडपणे सांगितलं. पण लेन्सच्या बाबतीत मला कट कमी आणि बेफिकिरी जास्त दिसते. कंपनी आपल्या लेन्स लावून तपासते, दुसऱ्याच्या तपासायची तिच्यावर जबाबदारी नाही. यासाठी अपडेटच लागतं असंही नाही, नवी बॉडी आली की तेच होतं. २०१३ मध्ये निकॉन डी ५३०० आला तेव्हा सिग्माच्या काही लेन्स त्यावर लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून काढताना, फोकस करेनात. सिग्माने त्यांचं फर्मवेअर फुकट बदलून दिलं. २०१८ मध्ये निकॉन झेड ७ आल्यावर टॅमरॉनच्या लेन्सची एफटीझेड अडॅप्टरवर तीच गत झाली आणि टॅमरॉनने एकेक करत अपडेट काढली. आणि कंपनीची स्वतःचीच चूक झाल्याची उदाहरणंही आहेत. मार्च २०१० मध्ये कॅननने फाइव्ह-डी मार्क टू कॅमेऱ्यासाठी २.०.३ हे फर्मवेअर आणलं, ज्याची लग्नाचे व्हिडिओवाले वाट बघत बसले होते कारण त्यात २४ आणि २५ फ्रेम मिळणार होत्या. त्यात आवाजाच्या नोंदणीत दोष निघाला, कंपनीने ते मागे घेतलं आणि २.०.४ दिलं. ज्यांनी पहिल्या दिवशी धाव घेतली त्यांना भोगावं लागलं, आठवडाभर चहा पीत बसलेले सुखात राहिले. मी तेव्हापासून चहा पिणाऱ्यांच्या पंगतीत आहे. सर्वपित्रीची ती रात्र सोडून.

दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास आमच्या वडोदऱ्यातच, कलाभवनात, फोटोग्राफी शिकले. त्यांच्या कॅमेऱ्याची काच पुसली की काम भागत असेल, असा विचार मनात येतो खरा. पण अंधाऱ्या मैदानात धावणाऱ्या मुलीच्या डोळ्यावर फोकस धरणारी यंत्रं वापरायची तर हेही सोसायलाच हवं.

फ्लॅशवाल्यांनी एवढं बघावं: अपडेटनंतर टीटीएल (फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणं) उलटंसुलटं वागायला लागलं किंवा हाय-स्पीड सिंक (जलद शटरला फ्लॅश चालवणं) बंद पडलं तर फ्लॅश पेटवणाऱ्या ट्रिगरचंही स्वतःचं फर्मवेअर असतं, आधी ते तपासा. तोवर मॅन्युअलवर काम निघतं. मोबाइल ॲपची जोडणी तुटली तर दोन्हीकडून जुनी नोंद पुसून नव्याने जोडा, यात शोधण्यासारखं काही नाही.

सगळं करून लेन्स वळणावर आली नाही तर? मागे जाता येत नाही, बहुतेक बॉड्या जुना आकडा घेतच नाहीत, आणि आडमार्गाने जुनं फर्मवेअर कोंबण्याच्या युक्त्या मी तरी कमाईच्या कॅमेऱ्यावर करणार नाही. लेन्सवाल्या कंपनीला लिहा, दोन्ही आकडे, मोड आणि बिघडलेला मूळ फोटो जोडून. ‘लेन्स चालत नाही’ एवढंच लिहिलं तर उत्तर ‘कॉन्टॅक्ट पुसा’ असंच येणार. तोवर आडवाट शोधा. सलग फोकस बिघडला असेल तर एकल फोकस बहुधा चालतो. चेहरा ओळखून फोकस फसत असेल तर मधला एकच चौकोन ठेवून बघा. मी त्या नवरात्रात दुसरी माळ अशीच काढली, रावपुऱ्यातल्या धावण्याआधीची. वर्तुळ आपल्यासमोर फिरून परत तिथेच येतं, तेव्हा एका खांबाच्या रेषेवर फोकस धरून ठेवायचा आणि माणूस त्या रेषेवर आला की दाबायचं. आमच्या आधीची पिढी फिल्मवर हेच करत होती.

यंदा भाद्रपद सरताना भाच्याचा फोन आला. सातवी माळ वगैरे नाही, चक्क नवमीच्या श्राद्धाला, म्हणजे हातात अजून आठवडाभर होता.

“मामा, अपडेट आलंय. मारू?”

“तुझ्याकडे परक्या लेन्स किती?”

“दोन. ३५ आणि ८५.”

“दोघींच्या साइटवर बघितलंस?”

“३५ चं नवीन फर्मवेअर आहे, त्यात या बॉडीचं नाव लिहिलंय. ८५ बद्दल एक अक्षर नाही.”

“गरब्याला कुठली वापरणार?”

“८५.”

“मग प्रश्न काय उरला?”

त्याने नवरात्र जुन्या आकड्यावर काढलं. दसऱ्याला शस्त्रपूजेत कॅमेऱ्याला हळद-कुंकू लावलं, कॉन्टॅक्टपासून लांब, आणि एकादशीला अपडेट केलं. ३५ उत्तम चालते आहे. ८५ ने पहिल्याच दिवशी डोळा धरायचं सोडलं. माझ्या घरी लांब शंभर पानी वही आहे, तीत सगळ्यांचे आकडे तारखांसकट लिहिलेले असतात. त्याच्या ८५ समोर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे. कंपनीला लिहून तीन आठवडे झाले. तुळशीच्या लग्नानंतर त्याची पहिली ऑर्डर आहे, तोवर उत्तर आलं तर ठीक, नाहीतर माझी ८५ तो घेऊन जाईल.